हरळी

आमचे थोरले मामा चाळीस वर्षे मुंबईला गोल्फच्या मैदानावर होते, असे मी कुणाला सांगितले की ऐकणारा क्षणभर माझ्याकडे नव्या नजरेने पाहतो. मास्तराच्या नात्यात असा कुणी बडा माणूस असेल, ही त्याची कल्पना नसते. हा फुकटचा आदर थोडा वेळ भोगावा असा मोह मला दर वेळी होतो. पण मग खरे ते सांगावे लागते. मामा तेथे खेळत नव्हते. मामा तेथे माळी होते. ऐकणाऱ्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि तो म्हणतो, "म्हणजे गवत कापीत होते म्हणा की!"

होय, गवत कापीत होते. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत असे. पण एका उन्हाळ्यात या गवतावरून मी मामांना एक वाक्य बोलून गेलो, आणि ते वाक्य मला परत घेता आले नाही. त्याचीच ही हकीकत आहे. मात्र तेथवर पोचायला आधी विष्णुपुरीला जायला हवे.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. आज हे नाव घेतले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या गोष्टी उभ्या राहतात. गोदावरीवरचे धरण आणि त्याची उपसा सिंचन योजना, १९८१ साली निघालेले श्री गुरुगोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. माझ्या दृष्टीने ते नुसते आजोळ. काळेश्वराचे देऊळ, नदी, आजोबांची काळी जमीन, आणि त्या जमिनीत हरळी.

हरळी म्हणजे काय, हे शेताचा बांध न ओलांडलेल्या वाचकाला सांगितले पाहिजे. दिसायला हे गवत नाजूक, बोटभर उंचीचे. पण जमिनीखाली त्याच्या काशा पसरतात. पांढऱ्या, गाठी-गाठीच्या, सुतळीसारख्या चिवट. वरून कितीही खुरपा, काशी खाली जिवंत राहते. नांगराने तुटली तर एका काशीच्या दहा होतात आणि दहाही फुटतात. आजोबांचे सारे आयुष्य कुंदा आणि हरळी यांच्याशी लढण्यात गेले. उन्हाळ्यात खोल नांगरट झाली की घरातली लहानथोर सगळी माणसे टोपल्या घेऊन काशा वेचायला जात. मामाही त्यातच वाढले. हरळी दिसली की उपटायची, हे त्यांच्या हाताला डोक्याआधी कळत असे.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मामा सतरा वर्षांचे होते. नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरावे लागे. मामा खडी फोडायला गेले. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी यांवर त्यांनी ते वर्ष काढले. पुढच्या वर्षी गावचा एक माणूस मुंबईला कुठे पहारेकरी होता, तो म्हणाला, "चल, गवताचं काम हाय." मामा मीटरगेजच्या गाडीने मनमाडला गेले, तेथून मुंबईला.

गोल्फ हा खेळ साहेबाचा. आपल्या देशात तो फार लवकर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली निघाला. मामा ज्या मैदानावर लागले ते यांतले नव्हे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. पण अठरा भोकांचे ते विस्तीर्ण हिरवे रान पाहून मामा प्रथम थक्क झाले आणि नंतर त्यांना राग आला. एवढ्या जमिनीत कुणी काही पेरले कसे नाही?

पहिल्याच दिवशी मुकादमाने त्यांच्या हातात खुरपे दिले आणि एका ग्रीनच्या कडेला बसवून सांगितले, "निंदून काढ." ग्रीन म्हणजे भोकाभोवतालचा गुळगुळीत कापलेला भाग. मामांनी खाली पाहिले. सगळी हरळी! आजोबांच्या शेतात असते तीच. मामांनी धोतर खोचले आणि बापाच्या शेतात बसावे तसे मन लावून कामाला लागले. अर्ध्या तासाने मुकादम आला तेव्हा वीतभर जागा काळी, स्वच्छ, पेरणीला तयार अशी झाली होती आणि शेजारी काशांचा ढीग पडला होता. मुकादमाने पाठीत एक रट्टा घातला. "अरे, ते गवत हेच तर आपलं पीक आहे! याच्या आत दुसरं उगवतं ते काढायचं!"

ही गोष्ट मामा आजही सांगतात आणि स्वतःच पोट धरून हसतात. "मास्तर," ते म्हणतात, "त्या दिवशी मला कळलं, मुंबई म्हंजे काय. आपला बाप ज्याच्यापायी रडतो, त्याला इथं पगारी माणसं ठेवून वाढवतात."

मौज अशी की मुकादमाचे काही खोटे नव्हते. ज्याला गोल्फवाले मोठ्या अदबीने बर्म्युडा म्हणतात, ते गवत म्हणजे आपली हरळीच. आणि गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्याही हरळीच्याच. एकाच्या रानात ती वैरीण, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात पूजेची, तिसऱ्याच्या मैदानावर लाडाची. पुढे मामांच्या ग्रीनवर तिचीच एक सुधारलेली संकरित जात आली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तेथे ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या गवताशी संकर करून गोल्फसाठी अशा जाती काढल्या. पण या गृहस्थाचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. त्यानेच बाजरीचा 'टिफ्ट २३ ए' हा वाण तयार केला, आणि त्याच्यापासून आपल्या देशातली पहिली संकरित बाजरी, एच.बी. १, १९६५ साली निघाली. पुढे तिच्यावर गोसावी रोग पडला हे खरे; पण कोरडवाहू रानात कणसे दाणेदार भरू शकतात हे तिने दाखवले. हे मी वाचले आणि मामांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपण ज्वारीची माणसं. पर तो माणूस भला असंल. गवताला हात लावला, तसा भाकरीलाबी लावला."

मी अकरा वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत आई मला घेऊन मुंबईला गेली. वडील आदल्या वर्षी गेले होते. मामांना दिवाळीत गावी येता येत नसे, कारण त्याच दिवसांत मैदानावर गर्दी. पहाटे साडेचारला त्यांनी मला उठवले आणि आपल्याबरोबर नेले. अंधारात हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. मामांनी ग्रीनच्या काठाशी वहाणा काढल्या आणि अनवाणी आत गेले. चार पावले टाकून म्हणाले, "ह्या कोपऱ्यात ओल जास्त हाय, आज इथं पाणी न्हाई." पायाच्या तळव्याने त्यांनी ते ओळखले होते.

मग लांबलचक लवचिक बांबू घेऊन ते ग्रीनवरून डावी-उजवीकडे फिरवू लागले. दव झटकायचे; दव राहिले की गवताला रोग लागतो. उजाडता उजाडता गवत कापायचे यंत्र आले. तेथे गवताची उंची तीन-चार मिलिमीटर. ज्वारीचा दाणा ठेवला तर तो वर दिसावा, एवढीच. नंतर मामांनी पोलादी, पोकळ साचा जमिनीत दाबला, फिरवला आणि मातीसकट गवताचा एक गोल गट्टू अलगद वर काढला. हे आजचे भोक. रुंदी सव्वाचार इंच, जगभर तेवढीच. तो गट्टू त्यांनी कालच्या भोकात बसवला, कडा बोटांनी दाबल्या, पाणी शिंपडले आणि मला विचारले, "सांग, कालचं भोक कुठं होतं?"

मला सांगता आले नाही. मामांना एवढा आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

एकाच जागी रोज पाय पडले तर गवत मरते, म्हणून भोक रोज हलवायचे. खेळणाऱ्याला वाटते, गंमत म्हणून हलवतात. ते खरे गवताच्या विश्रांतीसाठी असते.

सगळे झाल्यावर मामांनी खिशातून एक जुना चेंडू काढला, गुडघ्यावर बसले आणि हाताने हळूच सोडला. चेंडू सरळ जाईल असे वाटत असता डावीकडे वळला, मंदावला आणि टपकन् भोकात पडला. "नीट चालतो का, ते बगावं लागतं," मामा म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी काठी एकदाही हातात घेतली नाही. पण त्या मैदानावर रोज भोकात पडणारा पहिला चेंडू त्यांचा असे.

त्या आनंदाच्या भरात मी ग्रीनवरून धावत सुटलो आणि टाच रोवून वळलो. पायातल्या बुटाने गवत खरवडले गेले. मामा ओरडले नाहीत. त्यांनी चाकू काढला, गुडघे टेकले आणि ती जखम चारी बाजूंनी आत ओढून बंद केली. पंधरा मिनिटे ते तसे वाकून होते. तेवढ्यात पहिले खेळाडू आले. ते बाजूला उभे राहिले, कुणीतरी घड्याळाकडे पाहिले. मामा उठून कडेला झाले. खेळणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी गवताकडेही पाहिले नाही, आणि मामांच्या लेखी तीच पावती होती. गवताकडे लक्ष गेले म्हणजे काही तरी चुकले.

मोठेपणी मी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज येथील टॉम मॉरिसविषयी वाचले. हा माणूस १८६४ पासून १९०३ पर्यंत तेथल्या मैदानाचा राखणदार होता. गवतावर वाळू पसरली की ते दाट येते, हे त्याने ओळखले. रविवारी तो कुणालाही खेळू देत नसे. तुम्हाला विश्रांती नको असेल, पण जमिनीला हवी, असे त्याचे म्हणणे. त्याचे नाव जगाला माहीत आहे, कारण तो स्वतः नामांकित खेळाडू होता. मामांना मी हे सांगितले. "रविवारी?" ते म्हणाले. "आमच्या इथं रविवारी जत्रा! आमचा सोमवार. सोमवार म्हादेवाचा आन् गवताचा." सोमवारी मैदान बंद असे, आणि सोमवारी मामांचा उपासही असे.

आणखी एका माणसाचे नाव मात्र त्यांना मी सांगायच्या आधीपासून ठाऊक होते. शिवशंकर प्रसाद चौरासिया. रॉयल कलकत्ता क्लबातल्या माळ्याचा मुलगा. मैदानातच वाढला, तेथेच खेळ शिकला आणि २००८ साली दिल्लीला इंडियन मास्टर्स जिंकला. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. एकशे बारा वर्षांनी गोल्फ पुन्हा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा रिओला आपल्या देशाकडून जे खेळले त्यांत तोही होता. २००८ साली मैदानावरच्या पोरांनी ही बातमी मामांना वाचून दाखवली. त्या दिवशी मामांनी सगळ्या माळ्यांना चहा पाजला. "पोरगा त्याचा," ते म्हणाले, "पर गवत बापाचं."

२०१४ साली मामा निवृत्त होऊन गावी आले. शाल, नारळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ घेऊन. दर सुट्टीला मी नांदेडहून विष्णुपुरीला जाई, आणि देवळाजवळच्या पारावर बसून मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवी.

२०१६ चा एप्रिल कुणी विसरणार नाही. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी निघाले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आय.पी.एल.चे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला, कारण मैदानांना लागणारे पाणी. १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मी पारावर या दोन्ही बातम्या मोठ्याने वाचल्या. ऐकणारे तापले. एक जण म्हणाला, "माणसं तहानेनं मरालीत आन् ह्यांना गवताची पडली." तेव्हा मला, का कोण जाणे, विनोद सुचला. मी मामांकडे वळून म्हणालो, "मामा, तुम्ही तर जन्मभर गवतालाच पाणी पाजलंत की हो!"

पारावरची मंडळी हसली. लेखकाला हशा मिळाला की तो आणखी काही पाहत नाही. मी पाहिले नाही. मामा मात्र उठले. हातातल्या पेल्यात निम्मे पाणी होते. ते त्यांनी पाराच्या लिंबाच्या बुडाशी अगदी हळू ओतले, पेला पालथा ठेवला आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी ते पारावर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी पहाटे त्यांच्या रानात गेलो. मामा नांगरटीतून काशा वेचीत होते. मला पाहून म्हणाले, "कामून आलास एवढ्या सकाळी?"

मी टोपली घेतली आणि त्यांच्याबरोबर वेचू लागलो. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मामाच बोलले.

"मास्तर, तू जे म्हणलास ते मी पहिल्याच वर्षी मनाला म्हणलो होतो. रात्री पाइप हातात आला, आन् माझी माय डोळ्यांपुढं आली, झिऱ्यात वाटी घालून बसलेली. हात थरथरला. पाइप टाकून गावी यावं वाटलं. पर गावी येऊन काय करू? इथं पाणी नव्हतं, आन् तिथल्या पाण्याला पगार होता. तिथलं पाणी मला इथं डोक्यावर आणता येत नव्हतं. मनीऑर्डरनं आणता येत होतं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. ज्या शेतात आम्ही उभे होतो त्यातली विहीर मामांच्या मनीऑर्डरींनी खोदली गेली होती. वडील गेल्यावर माझी मॅट्रिकपर्यंतची फी, पुस्तके, शाळेची चड्डी, सगळे त्याच वाटेने आले होते. मनीऑर्डरच्या तळाच्या चिठोऱ्यावर दोन ओळींची जागा असे. मामा कुणाकडून तरी लिहवून घेत, आणि मजकूर नेहमी तोच: 'पोराची फी भरणे. गवत बरे आहे.' स्वतःच्या प्रकृतीविषयी त्यांनी कधी लिहिले नाही. लहानपणी मी आईला विचारले होते, "गवत बरं आहे म्हणजे काय?" आई म्हणाली होती, "म्हंजे दादा बरा हाय."

मीच ते पाणी प्यालो होतो. आणि पारावर बसून त्यांना हसलो होतो.

"मामा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं कामून? खरंच ते." त्यांनी एक काशी ओढून काढली. "पाणी लागलं, ते लागलंच. मी कमी पाजायचा, एवढंच माझ्या हाती. रोज थोडं थोडं पाजलं की मुळं वर येतात, आळशी होतात. तहान लागू दिली की खाली जातात, पाणी हुडकत. मी तहान लागू द्यायचा. उन्हाळ्यात गवत जरा भुरकं दिसायचं, बोलणी खावी लागायची. खाल्ली. पर एका रात्रीचं पाणी वाचलं तर वाटायचं, मायचा एक हंडा वाचला. येड्यासारखं! ते पाणी हिकडं थोडंच येणार होतं?"

टोपली भरली. मला वाटले, आता या काशा वाळवून जाळायच्या, आजोबा जाळत तशा. मामांनी टोपली बांधावर नेली. नाल्याच्या बाजूचा बांध दर पावसाळ्यात खचतो. आजोबांच्या काळापासून वावभर तरी जमीन त्या नाल्याने नेली असेल. मामांनी खुरप्याने बांधाच्या उतारावर रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांत ते एकेक काशी आडवी ठेवू लागले आणि वर माती ओढू लागले.

"बाप म्हणायचा, हरळी मरत न्हाई," मामा म्हणाले. "मग बांध तरी धरंल."

मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि काशा लावू लागलो. जन्मात प्रथमच हरळी लावीत होतो.

त्या वर्षीच्या पावसाने बांध भिजला, आणि दिवाळीपर्यंत त्यावर हिरवी साय धरली. आता मामा सत्तरीच्या पुढे गेले आहेत. गुडघे वाकत नाहीत, पण शेतातली हरळी उपटून बांधावर नेण्याचे काम सुटलेले नाही. दर लक्ष्मीपूजनाला आमच्या घरच्या गणपतीसाठी दूर्वा विष्णुपुरीच्या बांधावरून येतात. गेल्या वर्षी त्या आणायला मी स्वतः गेलो होतो. पहाटेची वेळ होती, बांधावर दव होते. मामांनी वहाणा काढल्या. मीही काढल्या. ते नखाने एकेक शेंडा खुडीत होते, मूळ हलू न देता. एकवीस झाल्यावर त्यांनी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"मामा, तब्येत कशी आहे?" मी विचारले.

मामांनी बांधाकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

"गवत बरं हाय," ते म्हणाले.